तिचा नवरा, पण ‘ईरं मान’?

वाचकाचं पत्र : मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावची. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, तीन वर्षं नोकरी केली. जर्मनीत नर्स म्हणून जायचं ठरवलंय, म्हणून पुण्यात खोली घेऊन जर्मन शिकतेय. ए-१, ए-२ या पातळ्या झाल्या, आता बी-१ चालू आहे. ‘माझ्या घरची माणसं’ या विषयावर परिच्छेद लिहिला, तर तो लाल रेघांनी भरून परत आला. जवळजवळ सगळ्या चुका एकाच जागी : माझा, तुझा, त्याचा, तिचा. तक्ता मला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. पण लिहायला बसले की सगळं भलतंच उतरतं. दीड महिन्यावर परीक्षा आहे. पुढे ढकलू का? परिच्छेद सोबत पाठवतेय. आणि मला ‘तू’च म्हणा, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन.

उत्तर :

तू म्हण म्हणालीस, तर तू म्हणते.

तुझा परिच्छेद मी दोनदा वाचला. वडिलांचं शेत, आईची शाळा, कोल्हापूरला दिलेली बहीण, पुण्यात तुझ्याबरोबर राहणारा भाऊ, सगळी माणसं डोळ्यांपुढे उभी राहिली. जे सांगायचं होतं ते तू सांगितलंस, हे आधी मनाशी नोंदवून ठेव. आता लाल रेघांकडे वळू. त्या वाटतात तेवढ्या नाहीत. अकरा रेघा आहेत, पण चुका चारच, आणि त्यातली एक तर फक्त मराठी घरात वाढलेल्या मुलीच्याच हातून होईल अशी आहे.

पुढे जर्मन शब्द मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहितेय. ‘माइनं’ असं लिहिलं की शेवटचा स्वर आपल्या ‘माझं’मधल्यासारखा म्हणायचा, जर्मन लिहिताना तिथे शेवटी ‘ए’ हे अक्षर येतं. ‘माइनर’मधला शेवटचा र जर्मन माणूस जवळजवळ गिळून टाकतो, पण तुला अक्षर दिसावं म्हणून मी तो लिहिणार.

तुझ्या बहिणीचं वाक्य घेऊ. तू लिहिलंयस : ‘माइनं श्वेस्टर उंट ईरं मान’. माझी बहीण आणि तिचा नवरा. ‘माइनं श्वेस्टर’ बरोबर. ‘ईरं मान’वर लाल रेघ. तुझ्या मनात काय चाललं असेल ते मला दिसतंय. बहीण ही बाई, म्हणून ‘ईर’ घेतलं, आणि बाईचं आहे म्हणून शेवटी तो स्त्रीलिंगी ‘ए’ही लावून टाकला. आता तेच मराठीत करून बघ. ‘तिची नवरा’. तुझ्या गावातलं चार वर्षांचं पोरसुद्धा असं म्हणणार नाही. ते ‘तिचा नवरा’च म्हणेल, आणि असं का म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलेलंही नाही.

‘तिचा’ या एवढ्याशा शब्दाला दोन टोकं आहेत. ‘ति’ हे टोक बहिणीकडे बघतं, ‘चा’ हे टोक नवऱ्याकडे. मालकीण बाई असल्याची खबर ‘ति’ने दिली, तिचं काम संपलं. ‘चा’ला बहिणीशी काही देणंघेणं नाही, तो फक्त नवरा पुल्लिंगी आहे एवढंच सांगतो. म्हणून तिचा नवरा, तिची सासू, तिचं घर. आणि त्याचा मेहुणा, त्याची बायको, त्याचं घर. जर्मन अगदी हेच करतं. ‘ईर’ म्हणजे तिच्याकडचं, ‘झाइन’ म्हणजे त्याच्याकडचं. मग शेवट लागतो तो पुढच्या नामाला बघून. ईर मान, तिचा नवरा. ईरं श्वीगरमुटर, तिची सासू. ईर हाउस, तिचं घर. झाइनं फ्राउ, त्याची बायको. झाइन हाउस, त्याचं घर. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामापुढे शब्द बोडका राहतो. स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी नामापुढे शेवटी ‘ए’ येतो. आईवडील अनेकवचनी, म्हणून झाइनं एल्टर्न, ईरं एल्टर्न.

हे तुला तक्ता पाठ असूनही का जमेना, त्याचं कारण मला तुझ्या क्लासच्या माध्यमात दिसतं. वर्गात जर्मन समजावून सांगतात इंग्रजीतून. तू आधी इंग्रजीत ‘हर हजबंड’ म्हणतेस आणि तिथून जर्मनकडे निघतेस. आता इंग्रजीतला ‘हर’ फक्त मालकिणीकडे बघतो. पुढे नवरा असो, सासू असो की घर, त्याच्या अंगावर काही उमटत नाही. हिंदीचं उलटं आहे : ‘उसका पति’मध्ये पुढच्या नामाचं लिंग कळतं, पण ‘उस’वरून मालक बाई की पुरुष ते कळत नाही. मराठी मात्र दोन्हीकडची खबर देते, आणि जर्मनही देतं. शिवाय तिन्ही लिंगं दोन्ही भाषांत आहेत. इतकी सोयीची वाट पायाखाली असताना तू इंग्रजीचा वळसा घालतेयस, आणि वळशातच तो दुसरा सांधा निखळून पडतोय. पुढचा दीड महिना या शब्दांपुरतं तरी इंग्रजी बाजूला ठेव. थेट मराठीतून जा. आधी विचार : कोणाचं? त्याने शब्द ठरतो. मग विचार : काय? त्याने शेवट ठरतो. हा क्रम उलटा करायचा नाही.

तुझ्या ‘माइन मुटर’वरची रेघही याच वळशाची आहे. इंग्रजीतला ‘माय’ आई-बाबांना सारखाच, म्हणून तूही ‘माइन’ दोघांना सारखाच लावलास. माझा बाबा, माझी आई : माइन फाटर, माइनं मुटर.

एक अडचण राहते, आणि ती खरी आहे. शेवट पुढच्या नामावरून ठरतो हे मान्य, पण त्या नामाचं लिंग जर्मनच्या मनासारखं असतं, आपल्या नाही. तुझी खांद्याची बॅग घे आणि टेबलावर रिकामी कर. किल्ली निघाली : आपल्याकडे ती किल्ली, जर्मनमध्ये ‘डेर श्ल्युसल’, पुल्लिंगी, म्हणून माझी किल्ली होते ‘माइन श्ल्युसल’. छत्रीचंही तसंच, ‘डेर रेगनशिर्म’, म्हणून ‘माइन रेगनशिर्म’. चष्मा आपल्याकडे तो, तिकडे ‘डी ब्रिलं’, म्हणून माझा चष्मा होतो ‘माइनं ब्रिलं’. घड्याळ ते, पण ‘डी उअर’, म्हणून ‘माइनं उअर’. फोन तो, पण ‘डास हेंडी’, म्हणून ‘माइन हेंडी’. पुस्तक आणि घर मात्र दोन्हीकडे नपुंसकलिंगीच, तेवढाच दिलासा. यावर युक्ती नाही, पाठांतरच आहे. पण पाठ करताना ‘माइन श्ल्युसल’ असं करू नकोस. ‘माइन’ पुल्लिंगीलाही तोच आणि नपुंसकलिंगीलाही तोच, त्यामुळे लिंग लपून राहतं आणि पुढच्या विभक्तीत दगा देतं. पाठ कर ते डेर, डी, डास या लिंग दाखवणाऱ्या, नामाआधीच्या शब्दांसकट.

(लिंगाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. जर्मनमध्ये मुलगी, ‘डास मेडशन’, ही नपुंसकलिंगी. व्याकरणाने चाललं तर तिच्या कुत्र्याला ‘झाइन हुंट’ म्हणायचं. बोलताना आणि वाक्य थोडं लांबलं की लोक सर्रास ‘ईर’ वापरतात. वर्गात यावर नेहमी गहजब होतो. मला त्यात नवल वाटत नाही. कोकणी, मालवणी बोलणाऱ्यांकडे ‘चेडूं’ हा मुलीसाठीचा शब्द नपुंसकलिंगीच आहे, आणि आपणही लेकराला ‘ते पोरगं, त्याचं दप्तर’ म्हणतोच की.)

आता ती मराठी घरातली चूक. माझ्या मते सगळ्या पत्रात ही सर्वांत महत्त्वाची, कारण उद्या तू वॉर्डात उभी राहशील तेव्हा हीच चूक तुझ्याबरोबर येईल.

आईबद्दल तू लिहिलंस : आई शिक्षिका आहे, ‘ईरं शूलं’ गावातच आहे. तिची शाळा. अचूक. पुढच्याच ओळीत वडील शेतकरी आहेत आणि ‘ईर फेल्ट’ नदीकाठी आहे. फेल्ट म्हणजे शेत, नपुंसकलिंगी, म्हणून शेवट बोडका ठेवलास, तेही बरोबर. पण ‘ईर’? वडिलांचं शेत हवं ‘झाइन फेल्ट’. तपासणाऱ्यांनी बहुधा समजलं असेल की तुला पुरुष-बाई यातला फरक कळत नाही. तो तुला कळतो. चूक दुसरीकडे आहे. आपल्या घरांत आई ‘ती’ असते आणि बाबा ‘ते’. आई आली, तिची पिशवी. बाबा आले, त्यांची पिशवी. तू मनात ‘त्यांचं शेत’ म्हणालीस, आणि तक्त्यात ‘त्यांचं’ या घरापुढे ‘ईर’ लिहिलेलं आहे, ते उचललंस. तक्ता तू बरोबर वाचलास. फक्त जर्मनमध्ये त्या घरात खरोखरच दोन किंवा जास्त माणसं लागतात. एकट्या माणसाला मान म्हणून अनेकवचन करायची सोय तिथे ‘तो’ला नाही. बाप असो, डॉक्टर असो, देशाचा राष्ट्रपती असो, एकटा पुरुष म्हणजे ‘एर’, आणि त्याचं ते ‘झाइन’.

हे जिभेला जड जातं, मला माहीत आहे. वडिलांबद्दल ‘त्याचं शेत’ म्हणताना तोंडात माती आल्यासारखं होतं. मी शिकत होते तेव्हा ‘माइन फाटर’नंतर माझाही घास अडायचा. पण तो मान जर्मन भाषा दुसऱ्या जागी ठेवते. नावाआधी ‘हेर’ म्हणजे श्रीयुत लावण्यात ठेवते, समोर बोलताना ‘झी’ म्हणजे तुम्ही म्हणण्यात ठेवते. ‘झाइन’ म्हटल्याने कुणाचा मान कमी होत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्यात ‘अरे-तुरे’ ऐकूच येत नाही.

वॉर्डात याचं काय होतं बघ. पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या नर्सला सांगायची असते, त्याला ‘युबरगाबं’ म्हणतात. समज, खोलीत हेर म्युलर आहेत. तुझ्या मनात आजोबा, म्हणून ‘त्यांनी त्यांच्या गोळ्या घेतल्या’. तू म्हणालीस, ‘हेर म्युलर हाट ईरं टाबलेटन गेनोमन’. ऐकणारीला याचा अर्थ लागतो : हेर म्युलरांनी तिच्या गोळ्या घेतल्या. कुणाच्या? शेजारच्या खोलीतल्या बाईंच्या? ती दचकून विचारणारच. ‘झाइनं टाबलेटन’ म्हटलं की प्रश्न मिटतो. माझ्याकडे सराव करणाऱ्या एका मुलीने हेच वाक्य तीनदा असंच म्हटलं होतं, आणि तीनदाही तिला आपलं काय चुकतंय ते कळेना. तिच्या लेखी ती आजोबांना मानच देत होती.

ही चूक फसवी कशी आहे तेही सांगते. रुग्ण बाई असेल तेव्हा ती दिसतच नाही. फ्राउ श्मिट या आजी, मनात ‘त्यांची मुलगी’, तोंडात ‘ईरं टोख्टर’. बरोबर! कारण ‘तिची’लाही ईरं आणि ‘त्यांची’लाही ईरं. चुकीच्या वाटेने जाऊन बरोबर मुक्कामाला पोचलीस, म्हणून कुणी टोकलं नाही, आणि सवय पक्की झाली. फक्त पुरुषाच्या वेळी उघडं पडतं. तेव्हा पुढचे काही दिवस पुरुषांचीच वाक्यं कर. बाबांचा चष्मा, काकांची गाडी, सरांचं पुस्तक, डॉक्टरांचा फोन, आजोबांची काठी. प्रत्येक वेळी झाइन किंवा झाइनं.

‘ईर’चं ओझं इथेच संपत नाही. समोरच्याला आदराने ‘तुमचं’ म्हणायचं तरी ‘ईर’च. फरक एवढाच, की ते लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढायचं. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, म्हणून आपल्याकडच्या मुलांचे इथे हमखास गुण जातात. लहान अक्षराने ‘तिची बॅग’ किंवा ‘त्यांची बॅग’, मोठ्या अक्षराने ‘तुमची बॅग’. बोलताना तिन्ही एकच, ‘ईरं टाशं’. हेर म्युलर समोर पडून ऐकत असताना तू दुसऱ्या नर्सला त्यांच्याबद्दल ‘ईरं टोख्टर’ म्हणालीस, तर त्यांना वाटेल तू त्यांच्याशीच बोलतेयस. त्यांच्याशी बोलत असशील तर ‘ईरं टोख्टर’, तुमची मुलगी. त्यांच्याबद्दल बोलत असशील तर ‘झाइनं टोख्टर’. शिवाय ‘ईर’ म्हणजे ‘तुम्ही सगळे’ हे सर्वनामही आहे आणि ‘तिला’ही आहे. घाबरू नकोस. ‘ईर’च्या लगेच पुढे नाम बसलंय का ते बघ. बसलं असेल तर ते बहुतेक वेळा मालकी सांगणारंच असतं.

डाइन, ऑयर, ईर यांची वाटणी तुला नीट आलेली आहे, तिथे एकही रेघ नाही, म्हणून थोडक्यात आटपते. तुझं ते ‘डाइन’. ओळखीच्या, बरोबरीच्या बऱ्याच जणांचं ते ‘ऑयर’. परक्याचं किंवा रुग्णाचं ते मोठ्या अक्षराचं ‘ईर’. ‘ऑयर’ला शेवट लागला की मधला ‘ए’ गळतो आणि ‘ऑयरं’ होतं, एवढं स्पेलिंग सांभाळ. आणि तिकडे मुलं वडिलांना ‘डू’च (तू) म्हणतात, म्हणजे ‘बाबा, तुमचा चष्मा कुठाय’ला तिथे ‘डाइनं ब्रिलं’.

दोन ठिकाणी तू ‘उन्झरं मुटर’, ‘उन्झर फाटर’ लिहिलंस. व्याकरण शुद्ध आहे, तरी खाली नागमोडी रेघ आली. आपण ‘आमची आई’, ‘आमचे बाबा’ एकट्यानेही म्हणतो. घर बोलतंय अशी ती भाषा आहे. जर्मन कानाला ‘उन्झरं मुटर’ ऐकू आलं की तो तुझ्याबरोबर तुझी भावंडं शोधतो. एकटी बोलत असशील तर ‘माइनं मुटर’. घर मात्र सगळ्यांचं असतं, तिथे ‘उन्झर हाउस’ छान शोभतं. ‘आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात’ अशा वाक्यातल्या ‘आमच्याकडे’ला तिकडे मालकीचा शब्दच लागत नाही, ‘बाय उन्स’ म्हणतात. तुझं पोळ्याचं वाक्य तिथेच अडखळलंय. (आपलं आणि आमचं यांतला भेद मात्र जर्मनला नाही. दोन्हीला ‘उन्झर’. मला अजूनही त्याची चुटपुट लागते.)

चौथी चूक : ‘मिट माइन ब्रूडर’. मी पुण्यात माझ्या भावाबरोबर राहते. इथेही मराठीतच उत्तर आहे. ‘माझा भावाबरोबर’ असं तू कधी म्हणालीस का? भाऊचं भावा झालं की माझाचं माझ्या आपोआप होतं. शाळेत त्याला सामान्यरूप म्हणायचे. पुढे काहीतरी जोडलं जाणार आहे याची चाहूल लागताच मालकीचा शब्दही वाकतो. जर्मनमध्ये ‘मिट’ आधीच येऊन उभा राहतो, आणि त्याच्यामागून येणारा शब्द वाकतो : मिट माइनम ब्रूडर. आपल्याकडे ‘माझ्या’ हे एकच रूप भावाला, बहिणीला, घराला, सगळ्यांना पुरतं. जर्मनला वेगवेगळी लागतात : मिट माइनम ब्रूडर, मिट माइनर श्वेस्टर, मिट माइनम किंट, मिट माइनन एल्टर्न. ही चतुर्थी, म्हणजे त्यांचा डाटीफ. पुल्लिंगी-नपुंसकलिंगीला शेवटी एम, स्त्रीलिंगीला एर, अनेकवचनाला एन. मिट, फोन (हा जर्मन शब्द, आपला टेलिफोन नव्हे), बाय, त्सू यांच्यामागे कायम हेच.

द्वितीयेत, म्हणजे आकुझाटीफमध्ये, फक्त पुल्लिंगी बदलतं, पण ते आपल्याला चकवतं, कारण निर्जीव वस्तूला आपण तिथे काहीच करत नाही. मी माझा पेन शोधतेय. ‘माझा’ जसाच्या तसा. जर्मनमध्ये ‘इश झूखं माइनन कूली’. तुझ्या परिच्छेदात हे तीनदा सुटलंय. त्यासाठी नवा तक्ता नको. ‘मला भाऊ नाही’ हे ‘इश हाबं काइनन ब्रूडर’ असं तुला ए-१ पासून येतं ना? मग काइनन तसंच माइनन, डाइनन, झाइनन, ईरन. आइन, काइन आणि हे सगळे मालकीचे शब्द एकाच कपड्यातले आहेत. जिथे जिथे काइनला जे लागतं ते यांनाही लागतं. जर्मन पुस्तकात मात्र विभक्त्यांचे क्रमांक वेगळे असतात : दुसरी म्हणजे गेनिटीफ, तिसरी डाटीफ, चौथी आकुझाटीफ. आपली षष्ठी ती त्यांची दुसरी. क्रमांकावरून जाऊ नकोस, नावावरून जा.

नावाला मालकी जोडायची तर सोपं आहे : मीराचा फोन, ‘मीरास हेंडी’. नावाला नुसता एस चिकटवायचा, इंग्रजीतला वरचा टिंब (अपॉस्ट्रॉफी) मध्ये घालायचा नाही. २०२४ च्या नव्या शुद्धलेखन नियमांनी दुकानांच्या वगैरे नावांत तो चालवून घेतलाय, म्हणून तुला पाट्यांवर दिसेल, पण तुझ्या उत्तरपत्रिकेत नको. साध्या नामाला क्रम उलटतो, ‘डास हेंडी माइनर श्वेस्टर’, फोन माझ्या बहिणीचा. बोलताना लोक मध्ये मघाचा तो जर्मन ‘फोन’ घालून मोकळे होतात, म्हणजे ‘चा’च्या अर्थाचं त्यांचं ते शब्दयोगी, आणि मागे अर्थातच डाटीफ. काही भागांत ‘पेटरला त्याची गाडी’ अशा धर्तीचं ‘डेम पेटर झाइन आउटो’ही ऐकू येईल. ऐकून समजून घे, लिहू नकोस.

तुझ्या कामासाठी अजून एक. शरीराचे अवयव आले की जर्मन मालकीचा शब्द बहुतेक वेळा टाकून देतं. ‘मी हात धुते’ हे इंग्रजी ‘माझे हात’ म्हटल्याशिवाय राहत नाही. आपण नुसतं ‘हात धुते’ म्हणतो, आणि जर्मन म्हणतं ‘इश वाशं मिर डी हेंडं’, मी मला हात धुते. रुग्णाला आंघोळ घालताना ‘तुमची पाठ धुते’ला ‘इश वाशं ईनन डेन र्‍युकन’, तुम्हाला पाठ धुते. बीपी बघताना मात्र ‘ईरन ब्लुटड्रुक’ सर्रास चालतं. आणि टेबलावर कुणाचा चष्मा राहिला असेल तर ‘कोणाचा’ला पुस्तकी ‘वेसन’ शोधत बसू नकोस. ‘वेम गेह्योर्ट डी ब्रिलं?’ म्हण. सगळे असंच विचारतात.

सरावाचं सांगते. रोज रात्री पंधरा मिनिटं, वही नको, मोठ्याने. खोलीतल्या एका वस्तूकडे बोट दाखवायचं आणि ती सहा माणसांना वाटायची : माझी, तुझी, भावाची, बहिणीची, आईवडिलांची, घरमालकांची. आधी मराठीत म्हणायचं, लगेच जर्मनमध्ये. मग तीच वस्तू ‘मिट’ लावून. मग ‘मी शोधतेय’ लावून. भाऊ खोलीतच आहे, त्याला मराठी बाजू म्हणू दे, तू जर्मन म्हण. तो चुकून ‘त्यांचा’ म्हणाला आणि माणूस एकच असेल, तर थांबून विचारायचं : बाई की पुरुष? घरमालक ‘ते’ आहेत, म्हणून त्यांच्यावर जास्त वेळ घालव.

परीक्षा पुढे ढकलू नकोस. गोएथे इन्स्टिट्यूटची बी-१ चार भागांत असते : वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येक भागाला शंभरपैकी साठ लागतात आणि एखादाच भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. लेखनाला साठ मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात. पहिला मैत्रिणीला साधारण ऐंशी शब्दांचा, दुसरा एखाद्या विषयावर मत मांडणारा तेवढाच, तिसरा ओळख नसलेल्या किंवा मोठ्या माणसाला चाळीसेक शब्दांचा. पहिल्यात डाइन सांभाळ. तिसऱ्यात मोठ्या अक्षराचं ईर. शेवटची पाच मिनिटं राखून ठेव आणि त्यात फक्त हे शब्द तपास. प्रत्येकावर बोट ठेवून विचार, कोणाचं, आणि काय. नर्सिंगच्या मान्यतेसाठी पुढे साधारण बी-२ लागतं, तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

तुझा परिच्छेद मी दुरुस्त करून पाठवत नाहीये. इंग्रजीकडे न बघता तूच पुन्हा लिही आणि मला पाठव. वडिलांच्या शेतापासून सुरुवात कर.